मुरबाडच्या गाडीला हीटर कशाला?

ठाणे जिल्ह्यातल्या माणसाला मोटारीत हीटर लागतो असे कोणी म्हटले, तर ऐकणारा आधी हसेल. हीटर लागावा तो सिमल्याच्या माणसाला, श्रीनगरच्या माणसाला. आमच्या शहापूर-मुरबाडकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि गाडीच्या टपावर पापड भाजून निघेल अशी स्थिती असते. तिथे हीटर म्हणजे उंटाला घोंगडी! गाडी विकणारे लोकही एसीचे तोंड भरून कौतुक करतात आणि हीटरची मूठ 'हे पण आहे' म्हणून उरकून टाकतात. असे असूनही आज फराळाच्या ताटाशी मी वाचकांना सांगायला बसलो आहे ते हे, की आषाढात माळशेज घाटातून माणसे नेणाऱ्या व्हॅनमध्ये एसी आणि हीटर ही चैन नव्हे. ती काच पुसण्याची दोन फडकी आहेत. आणि ही फडकी स्वच्छ ठेवण्याचे बरेचसे काम घरच्या अंगणात होऊ शकते.

एसी म्हणजे थंडी करण्याचे यंत्र अशी आपली समजूत. परंतु त्याचा जन्म मुळी थंडीसाठी झालाच नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे, आक्रसे, आणि एकावर एक चढवायचे रंग जागचे सरकत. १९०२ साली विलिस कॅरिअर नावाच्या तरुण इंजिनिअरने त्यावर तोड काढली. हवा थंड नळ्यांवरून फिरवायची, म्हणजे तिच्यातले पाणी नळ्यांवर दंव होऊन गळून पडते आणि हवा कोरडी होते. (दिवाळी अंकांची छपाई ऐन पावसाळ्यात चालते. त्या दिवसांत कागद काय छळतो ते कोणत्याही मुद्रकाला विचारावे!) म्हणजे मूळ काम कोरडेपणाचे, थंडी ही जोडीला आलेली. मोटारीत हे यंत्र शिरायला पुढे बराच काळ लागला. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलात ते बसवून दिले. पण ते बंद करायचे तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे. त्या मानाने आपल्याला नुसती कळ दाबायची असते, तेव्हा तक्रार कोणत्या तोंडाने करावी?

आपल्याकडे मारुतीची पहिली व्हॅन १९८४ साली रस्त्यावर आली, तेव्हा सरकता दरवाजा आणि उघड्या खिडक्या हाच सर्वांचा एसी होता. आता गावोगावच्या व्हॅनना एसी आणि हीटर दोन्ही असतात. शहापूरकरांना आसनगाव स्टेशन तरी आहे. मुरबाडकडच्या माणसाला मात्र सगळा आधार रस्त्याचा. त्यामुळे तिकडे व्हॅन हे घरातल्या बैलजोडीसारखे आहे. तिच्यावर घर चालते.

माझ्या ताईचे घर असेच एका व्हॅनवर चालते. किन्हवली आणि सरळगाव यांच्या मध्ये, म्हणजे जवळजवळ शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या शिवेवर, तिचे गाव आहे. भाच्याने जुनी व्हॅन कर्ज काढून घेतली. आठवडाभर आसपासच्या वाड्यांमधले कामगार मुरबाडच्या एमआयडीसीत पोचवायचे, आणि रविवारी कल्याण-डोंबिवलीची कुटुंबे ओझर-लेण्याद्रीच्या दर्शनाला न्यायची, असा त्याचा क्रम. ओझरचा रस्ता माळशेज घाटातून जातो. ही गाडी कुठल्या कारखान्याची हे मी मुद्दामच सांगत नाही. कारण त्यात कारखान्याचा दोष काही नव्हता. दोष होता तो वयाचा, उंदरांचा आणि आधीच्या मालकाच्या काटकसरीचा.

गेल्या वर्षीच्या जुलैमधली गोष्ट. पहाटे तो सात माणसे घेऊन घाट चढत होता. घाटमाथा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच. त्या दिवसांत ढग रस्त्यावरच उतरलेले असतात. बाहेर धुके, आत सात माणसांचे श्वास, ओले रेनकोट, गळत्या छत्र्या. समोरची काच आतून दुधासारखी झाली. शेजारी ताई बसली होती; ती पदराने काच पुसत होती आणि पुसलेली जागा मिनिटाभरात पुन्हा भरत होती. एका वळणावर बंद पडलेला ट्रक उभा होता, मागे दिवा नाही. भाच्याला तो दिसला तेव्हा मध्ये दोन हातांचे अंतर उरले होते. गाडी थांबली, कोणाला खरचटलेसुद्धा नाही. पण घरी आल्यावर ताई म्हणाली, "एक तर समोरचं दिसेल असं काहीतरी कर, नाही तर गाडी विकून टाक."

विकायची म्हणजे कर्ज अंगावर ठेवून विकायची! एसीवर त्याने खर्च केला नव्हता असेही नाही. "मामा, उन्हाळ्यात दोनदा गॅस भरला. महिना होत नाही तोच पुन्हा गरम हवा," असे तो मला फोनवर म्हणाला. एका गॅरेजने तर कॉम्प्रेसर आणि कॉइल दोन्ही बदला म्हणून सांगितले. तो आकडा त्याच्या चार हप्त्यांएवढा होता. मी कारकुनीत आयुष्य घालवलेला माणूस. परंतु मिक्सर, इस्त्री, पंखा यांचा संसार तीस वर्षे मीच सांभाळला आहे. "पैसे देऊ नकोस, रविवारी मी येतो," असे त्याला कळवले.

हत्याराला हात लावण्यापूर्वी या यंत्राचे घर समजून घेतले पाहिजे; ते समजले की निम्मी भीती जाते. डॅशबोर्डाच्या पोटात प्लॅस्टिकची एक पेटी असते. तिच्या तोंडाशी ब्लोअर, म्हणजे पंखा. पंख्याची हवा आधी एसीच्या थंड कॉइलवरून जाते, मग हीटरच्या जाळीवरून, आणि शेवटी एका झडपेने काचेकडे, तोंडाकडे किंवा पायांकडे वळते. थंड कॉइलचे तत्त्व आपल्या माठाचेच. माठाच्या अंगातून झिरपलेले पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते, म्हणून आतले पाणी गार होते. इथे पाण्याच्या जागी झटकन वाफ होणारा द्रव असतो, आणि ती वाफ वाया न घालवता कॉम्प्रेसर तिला दाबून पुढच्या कंडेन्सरकडे पाठवतो. तिथे बाहेरच्या वाऱ्याने ती निवून पुन्हा द्रव बनते आणि परत कॉइलकडे येते. हीटर त्याहून साधा. इंजिनाभोवती फिरून तापलेले पाणी दोन नळ्यांनी त्या जाळीत येते आणि परत जाते. फुकटची ऊब!

आता काचेचे पाहा. कॉइल हवेतले पाणी काढून घेते. हीटर तीच हवा कोमट करतो. आणि कोमट हवा ओल जास्त शोषते, जसा उन्हातला सदरा सावलीतल्यापेक्षा लवकर वाळतो. दोन्ही एकत्र लावले की आधी कोरडी आणि मग कोमट झालेली हवा काचेवर जाते, आणि काच पाहता पाहता स्वच्छ होते. नुसता एसी मोठा करून काचेवर मारला तर काच थंडगार पडते आणि पावसाळ्याच्या दमट हवेचे दंव तिच्या बाहेरच्या अंगावर जमते. म्हणून घाटात हीटर हवाच. आपले ड्रायव्हर लोक हे जाणत नाहीत असे नाही. पण ज्या गाडीत हीटर चालतच नाही, तिथे जाणून उपयोग काय?

रविवारी पडवीच्या छपराखाली गाडी घेतली. हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले, बॅटरीची ऋण तार सोडवली. (अलीकडच्या गाड्यांत डॅशबोर्डाखाली पिवळ्या आवरणातल्या तारा दिसतात. त्या एअरबॅगच्या. त्यांना कोणीही हात लावू नये.) हत्यारे म्हणजे दोन स्क्रू-ड्रायव्हर, पाने, पकड, एक बॅटरी, जुना दात घासायचा ब्रश, आणि ताईची एक परात, स्क्रू हरवू नयेत म्हणून.

पहिली तक्रार अशी होती की ब्लोअर फक्त शेवटच्या, चौथ्या वेगावर चाले. एक, दोन, तीनवर गप्प. हे लक्षण इतके ठरीव आहे की डॉक्टरने लांबूनच गोवर ओळखावा. पंख्याचा वेग कमी करण्यासाठी एक छोटा रेझिस्टन्स असतो. चौथ्या वेगावर वीज त्याला वळसा घालून थेट पंख्याकडे जाते. म्हणून तो जळला की फक्त चौथा वेग उरतो. त्या आवाजाने प्रवासी कंटाळत आणि भाचा ब्लोअर बंदच ठेवी. काच धुरकटण्याचे एक कारण हेच! डाव्या बाजूचा खण काढला, दोन स्क्रू सोडले, रेझिस्टन्स हातात आला. तार काळी पडून तुटलेली. नवा शहापूरला मिळाला, चौघांच्या चहा-नाश्त्याच्या पैशांत.

पण तो जळला का, हे पाहिल्यावाचून नवा बसवण्यात अर्थ नव्हता. रेझिस्टन्सला थंड ठेवते ती पंख्याचीच हवा. म्हणून पंखा उतरवला. आतून काय काय निघाले म्हणता? आंब्याची आणि सागाची पाने, भाताचे तूस, आणि पेंढ्याचे एक सुबक घरटे. त्यात ताईच्या जुन्या लुगड्याची चिंधीसुद्धा. भाताच्या मुलखात उंदीर हा मोटारीचा कायमचा उतारू असतो. हवा गाळण्याच्या जाळीसाठी खाच होती, पण जाळी नव्हती. आधीच्या मालकाने ती काढून टाकली होती, म्हणजे उंदरांना दार सताड उघडे. तारा सुदैवाने शाबूत होत्या. पंख्याची पाती ब्रशने घासली, नवी जाळी बसवली आणि बाहेरची हवा येण्याच्या तोंडावर बारीक तारेची जाळी लावली.

दुसरी तक्रार, डाव्या बाजूला बसणाऱ्याचे पाय भिजतात. भाचा समजत होता की पावसाचे पाणी झिरपते. पाणी होते कॉइलवरचे. ते गाडीखाली सोडणारी रबरी नळी असते. एसी लावून गाडी उभी असली की खाली थेंब पडताना आपण पाहतो ते हेच. ते पडणे बंद झाले, तर खुशाल समजावे की नळी तुंबली. आमच्या नळीत चिखल आणि तूस यांचा बूच बसला होता. मऊ नळी खालून घालून हळूच फुंकर मारली, आणि पाऊण तांब्या काळे पाणी भळकन खाली आले. विचार करा, ज्या पेटीतून काच कोरडी करायची हवा येणार, तिच्याच तळाशी डबके साचलेले! हवा त्यावरून ओल घेऊन काचेवर जात होती. वासही होता, प्रवासी त्याला 'ओल्या गोणपाटाचा वास' म्हणत.

कंडेन्सरची जाळी धुळीने आणि किड्यांनी लिंपली होती. ती साध्या नळाच्या धारेने, इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या बाजूस धुवावी. धुलाई केंद्रातला जोराचा फवारा इथे वर्ज्य. पातळ पत्र्या आडव्या होतात आणि मग वारा जाणार कुठून? फ्यूज आणि रिले तपासले. ते ठीक होते. एसीचे बटण दाबल्यावर इंजिनाकडून 'टक्' असा आवाज येतो तो कॉम्प्रेसरच्या क्लचचा. तो येत होता, पण क्षणात सुटत होता. त्याकडे मागाहून येतो.

खरी गंमत हीटरची. मूठ फिरवली, केबल हलली, झडपही हलली. हवा मात्र थंडच. आमच्या व्हॅनचे इंजिन पुढच्या सीटखाली आहे आणि पाण्याच्या नळ्या तिथून पुढे जातात. गाडीखाली सतरंजी टाकून मी आडवा झालो आणि बॅटरीच्या उजेडात नळ्यांचा माग काढत गेलो, तो मध्येच दोन्ही नळ्या एका वाकड्या तुकड्याने एकमेकींना जोडून टाकलेल्या! पुढची तोंडे प्लॅस्टिकच्या बुचांनी बंद. म्हणजे गरम पाणी हीटरच्या वाटेला जाण्यापूर्वीच माघारी फिरत होते. 'आपल्याकडे हीटर काय करायचाय?' या एका वाक्यावर अशा कितीतरी गाड्यांचे हीटर तोडले जातात. हीटरची जाळी थोडी तुंबली, एखादी क्लिप गळली, की ती दुरुस्त करण्यापेक्षा वळसा घालणे सोपे. याचेच भावंड म्हणजे इंजिनाचा थर्मोस्टॅट काढून टाकणे. त्याने इंजिन 'थंड राहते' असे म्हणतात. वास्तविक ते वेळेवर तापतच नाही, पेट्रोल जास्त खाते, आणि हीटर असला तरी नुसता नावाला उरतो. आमचा थर्मोस्टॅट जागेवर होता, एवढे नशीब.

हे काम इंजिन पूर्ण गार झाल्यावरच करावयाचे. गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण उघडणे म्हणजे शिट्टी न काढता कुकर उघडणे. खाली बादली ठेवून पाणी काढले; गंजाने ते चहाच्या रंगाचे झाले होते. वर्षानुवर्षे कूलंटऐवजी विहिरीचे पाणी घातल्याचा हा परिणाम. हीटरच्या जाळीला बागेची नळी लावून हलक्या धारेने एकदा या तोंडाने, एकदा त्या तोंडाने पाणी सोडले. सुरुवातीला गढूळ, मग तांबूस, आणि दहा-बारा बादल्यांनंतर स्वच्छ. ताई ओट्यावरून पाहत होती. "मे महिन्यात आला असतास तर तांब्याभरसुद्धा दिलं नसतं," ती म्हणाली. ते खरेच होते. तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी पाजणारी धरणे शहापूर तालुक्यातली. आणि त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात.

जाळी कुठे गळत नव्हती. गळली असती तर गाडीत गोडसर वास आला असता आणि काचेवर तेलकट थर बसला असता. तसे असेल तर मात्र जाळी बदलावीच लागते. नव्या नळ्या, नव्या क्लिपा लावल्या, डब्यावर सांगितलेल्या प्रमाणात कूलंट घातले, आणि हीटर पूर्ण उघडा ठेवून, झाकण न लावता इंजिन सुरू केले, म्हणजे आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघून जाते. थोड्या वेळाने भाच्याने झरोक्यापुढे हात धरला आणि ओरडला, "मामा, गरम!" जुलै महिन्यात गरम हवा आली म्हणून एवढा आनंद झालेला माणूस मी प्रथमच पाहिला.

आता गॅसचे. इथे मी हात आखडता घेतला, आणि वाचकांनीही घ्यावा. गॅस पेट्रोलसारखा 'संपत' नाही. तो बंद नळ्यांतून वर्षानुवर्षे फिरत राहतो. कमी झाला तर कुठेतरी गळतो आहे असाच त्याचा अर्थ. गळती न शोधता पुन्हा पुन्हा भरणे म्हणजे फुटक्या घागरीने पाणी वाहणे. भाच्याने दोनदा तेच पैसे दिले होते. बऱ्याच गाड्यांत आर-१३४ए नावाचा वायू असतो. तो शून्याखाली २६ अंशांवर उकळतो. नळी सोडताना तो बोटांवर वा डोळ्यांत उडाला तर मांस गोठते. शिवाय हवा तापवण्याच्या कामी तो १०० वर्षांच्या हिशेबात कर्बवायूच्या हजारपटीहून अधिक जोरकस आहे. म्हणूनच २०१६ साली किगाली इथे झालेल्या करारात अशा वायूंचा वापर उतरवत नेण्याचे ठरले आणि २०२१ मध्ये भारतानेही तो करार मान्य केला. त्यामुळे तो हवेत सोडून देणे कोणत्याही बाजूने बरोबर नाही. काही महाभाग त्याऐवजी स्वयंपाकाचा गॅस भरतात, असे ऐकतो. तशा गाडीत मी बसणार नाही आणि माझ्या माणसांना बसू देणार नाही.

आम्ही एवढेच केले. सर्व सांध्यांवरून कोरडा कापूस फिरवला. वायूबरोबर थोडे तेलही फिरत असते. जिथे गळते तिथे तेलकट डाग पडतो. कंडेन्सरजवळच्या एका सांध्यावर कापूस काळा झाला. तिथे खडूने खूण केली आणि गाडी शहापूरला हमरस्त्यावरच्या एसीच्या कारागिराकडे नेली. त्याने उरलेला वायू यंत्राने काढून घेतला, सांध्यातली रबरी चकती बदलली, पंपाने नळ्या निर्वात करून अर्धा तास तशाच ठेवल्या, आणि बॉनेटखालच्या चिठ्ठीवर जितके ग्रॅम लिहिले होते तितकाच वायू वजन करून भरला. 'टक्' झालेला क्लच आता धरून राहिला. कॉम्प्रेसर ठणठणीत होता, कॉइलही. एवढा तरुण मुलगा, पण काम पाहत राहावे असे. खूण पाहून म्हणाला, "काका, अशी गिऱ्हाइकं आली तर माझा निम्मा दिवस वाचेल."

पुढच्या रविवारी मी मुद्दाम पुढच्या सीटवर बसून माळशेज घाटातून गेलो. सरळगाव सुटले, टोकावडे सुटले, आणि मोरोशीच्या पुढे ढगांनी गाडी गिळली. भाच्याने झडप काचेकडे वळवली, बाहेरची हवा आत येईल अशी कळ ठेवली, एसी लावला, हीटरची मूठ मध्यावर आणि ब्लोअर दुसऱ्या वेगावर. कडेने दोन बोटांएवढी धुरकट झालर राहिली, बाकी काच लख्ख. सात माणसांपैकी कोणाला थंडी वाजली नाही की उकडले नाही. आतलीच हवा फिरवणारी कळ पावसात लावू नये, एवढे लक्षात ठेवावे. आपलेच श्वास पुन्हा काचेवर येतात. उन्हाळ्यात मात्र तीच कळ उपयोगी. ताईने पदर कमरेला खोचला होता, तो वळणे संपेपर्यंत तसाच राहिला.

हीटरचा आणखी एक उपयोग भाच्याला यंदाच्या मे महिन्यात झाला. हीटरची जाळी म्हणजे इंजिनाचा धाकटा रेडिएटर. भर उन्हात घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकू लागला, तर एसी बंद करून, काचा उघडून, हीटर पूर्ण लावावा; इंजिनाची उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. (काटा तांबड्यात गेला किंवा वाफ दिसली तर हे प्रयोग न करता गाडी सरळ थांबवावी.) भाच्याने मे महिन्यात हीटर लावला तेव्हा मागच्या सीटवरचे डोंबिवलीकर कुटुंब भलतेच संतापले, पैसे परत मागण्यापर्यंत गोष्ट गेली. त्याने काट्याकडे बोट दाखवले. घाटमाथ्यावर काटा जागेवर आला, एसी पुन्हा सुरू झाला, आणि ओतूरला उसाचा रस त्याला त्याच मंडळींनी पाजला.